थकलेल्या हाताचं कौतुक पुरे झालं

'एवढं आटपूनच झोपतो' हे आपल्याकडच्या कुठल्याही वर्कशॉपमधलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. सुताराकडे, गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, तलावाच्या पाळीवर पालथ्या घातलेल्या डोंग्याशेजारी, सगळीकडे ते रात्री नऊनंतर ऐकू येतं. आजूबाजूचे कौतुकानं मान डोलावतात. माणूस मेहनती आहे, म्हणतात. माझं भांडण त्या मान डोलावण्याशी आहे.

साकोलीचंच घ्या. हा मुलूख धानाचा आणि तलावांचा. शिवनीबांधसारखे जलाशय, मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या आणि त्यांच्यावर पोट असलेला ढिवर समाज. जाळं संध्याकाळी टाकायचं, पहाटे काढायचं, मासळी बाजारात पोचवायची. रोवणीच्या दिवसांत वरून शेतातली मजुरी. अशात डोंगा गळायला लागला तर दुरुस्तीला वेळ उरते ती रात्रीची. म्हणजे सगळ्यात नेमकेपणा मागणारं काम दिवसातल्या सगळ्यात दमलेल्या तासांच्या वाट्याला येतं.

लाकूड थकव्याला माफ करत नाही. कुजलेल्या फळीच्या जागी नवी कापताना करवत रेघेच्या कुठल्या बाजूनं चालवायची, एवढाच प्रश्न असतो. दमलेला माणूस चुकीच्या बाजूनं कापतो आणि फळी सूतभर आखूड पडते. डाव्या बाजूची फळी उजव्या मापानं निघते. काठाजवळ आधी बारीक भोक न पाडता खिळा ठोकला जातो आणि लाकूड चिरतं. पटाशी ज्या दिशेला सरकते तिथेच दुसरा हात असतो. होडी फायबरची असेल तर रेझिनमधल्या हार्डनरचं माप चुकतं. कमी पडला तर ते वाळत नाही, जास्त पडला तर तापून भलत्याच वेळी घट्ट होतं.

यातली एकही चूक अज्ञानातून होत नाही. सकाळी आठ वाजता हाच माणूस दुसऱ्याला हे सगळं शिकवेल. त्यातही वाईट म्हणजे पहिली चूक झाकायला दुसरी होते. आखूड फळीची फट डांबरानं बुजवली जाते, वरून सगळं ठीक दिसतं आणि ती फट उघडते तलावाच्या मध्यावर.

'मग दमल्यावर थांबायचं ना!' हा सल्ला सोपा आहे. पण आपण किती दमलोय हे मोजणारं यंत्र म्हणजे आपला मेंदू, आणि दमलेला तोच असतो. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना सलग १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. त्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली. आपण इतके घसरलोय याची त्यांना स्वतःला मात्र फारशी जाणीव नव्हती. १९९७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासानुसार सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो. भारतात गाडी चालवताना ०.०३ टक्क्यांवर गुन्हा दाखल होतो. प्यायलेल्या माणसाच्या हातातून आपण करवत काढून घेतो. सतरा तास जागलेल्याला चहा पाजतो आणि पुन्हा करवतीकडे पाठवतो.

हे फक्त गरिबाच्या डोंग्याचं दुखणं नाही. जून १९९० मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला एका विमानाची समोरची काच बदलायची होती. रात्रपाळीला माणसं कमी होती, म्हणून पाळीच्या प्रमुखानं पहाटेच्या सुमारास ते काम स्वतः केलं. बोल्ट त्यानं नुसत्या नजरेनं जुळवून घेतले. ९० पैकी ८४ बोल्ट साधारण ०.६६ मिलिमीटरनं बारीक होते, उरलेले सहा आखूड. १० जूनला ब्रिटिश एअरवेजचं ते विमान आकाशात असताना काच निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला विमान उतरेपर्यंत धरून ठेवलं, म्हणून तो वाचला.

आपल्याकडे १४ ऑगस्ट २०१३ ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ जण गेले. कॅगच्या अहवालात मुदतीच्या काठावरच्या दारूगोळ्यासोबत आणखी एका गोष्टीची नोंद आहे: कर्मचाऱ्यांच्या थकव्याचं संबंधितांनी नीट मूल्यमापन केलं नव्हतं. वाक्याची रचना पाहा. कर्मचारी निष्काळजी होते, असं त्यात म्हटलेलं नाही. त्यांचा थकवा मोजणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं.

आता माझ्या धंद्याविषयी. मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि जास्त तास कामाची देशव्यापी आरती आमच्याच गल्लीतून सुरू झाली. २०२३ मध्ये इन्फोसिसच्या संस्थापकांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सुचवलं, २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला. रात्री दीड वाजता लॅपटॉपचा फोटो टाकून खाली 'ग्राइंड' लिहिणारे माझ्याच वयाचे आहेत. पण आमच्याकडे चूक मागे घेता येते. प्रत्येक बदलाची जुनी प्रत जपलेली असते, माझा कोड दुसरा कुणीतरी तपासतो, बिघाड झाला तर पाच मिनिटांत कालची आवृत्ती परत लावता येते. शुक्रवारी संध्याकाळी नवीन काही चढवायचं नाही, हा अलिखित नियमही आम्ही स्वतःसाठी करून ठेवलाय. ज्यांच्या चुका पुसता येतात ते लोक, कापलेली फळी पुन्हा लांब करता न येणाऱ्यांना थकव्याचं तत्त्वज्ञान शिकवतायत. मला याची चीड येते.

सरकारही त्याच वाटेवर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. कामगाराची संमती घेऊ, ओव्हरटाइम देऊ, असं सांगितलं गेलं. पैसे वाढले म्हणून बाराव्या तासाचा हात स्थिर होत नाही. हे त्या महाराष्ट्रात, जिथे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून गिरणी कामगारांना १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. त्या काचेच्या अपघाताच्या बरोबर शंभर वर्षं आधी. आणि साकोलीतल्या दोन-तीन माणसांच्या दुकानाला, तलावाच्या पाळीवरच्या दुरुस्तीला कारखान्यांचा कायदा तेव्हाही लागू नव्हता, आताही नाही.

'गरिबाला पर्याय कुठे असतो? आज डोंगा झाला नाही तर उद्या चूल पेटत नाही.' आक्षेप खरा आहे. म्हणूनच त्या माणसाला निष्काळजी म्हणणं बंद करायला हवं आणि पर्याय तयार करण्याची जबाबदारी त्याच्या वरच्यांवर टाकायला हवी. तलावांवर मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत. संस्थेनं एक डोंगा राखीव ठेवला तर ज्याचा गळतोय तो एक रात्र झोपू शकतो, दुरुस्ती उजेडात होते. दुकानमालकानं एवढाच नियम करावा: सकाळी उलटवता येईल तेच काम रात्री करायचं. खिळे निवडा, जुनं डांबर खरवडा, सामान काढून ठेवा. कापणं, भोकं पाडणं, रेझिन कालवणं सूर्य उगवल्यावर. दुरुस्त डोंगा आधी काठाच्या उथळ पाण्यात तासभर ठेवा आणि तो तपासायला दुसरा माणूस असू द्या. यात खर्च किती? एक डोंगा, आणि गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणण्याची हिंमत.

त्या हिमतीत आपलाही वाटा आहे, कारण 'आजच पाहिजे' म्हणणारे गिऱ्हाईक आपणच असतो. रात्री दहाला मेकॅनिकला फोन करून 'बसून करून द्या ना भाऊ' म्हणतो, त्यानं करून दिलं की पाच स्टार देतो. नट ढिला राहिला की तोच भाऊ निष्काळजी ठरतो. पुढच्या वेळी तो 'सकाळी करतो' म्हणाला, तर पाच स्टार त्यासाठी द्या.