अहवाल नागपूरलाच उतरतात

विदर्भ एक्सप्रेस आणि महाराष्ट्र एक्सप्रेस, दोन्ही गाड्या आमच्या गोंदियाहून सुटतात. एक मुंबईला जाते, दुसरी कोल्हापूरला. मुंबई-पुण्यात तयार होणारे अहवाल मात्र उलट्या दिशेने येतात आणि नागपूरलाच उतरतात.

मी नागपूरच्या एका कॉलेजातून लोकप्रशासनात एम.ए. केलं. लघुप्रबंधासाठी विषय नेला होता, ‘गोंदिया जिल्ह्यातली मुस्लिम कुटुंबं आणि सरकारी योजना’. सर म्हणाले, "अरे, गोंदियात तुमचे लोक आहेत तरी किती? मोमीनपुरा घे. दोन दिवसांत सॅम्पल होईल." सर वाईट नव्हते. त्यांनी सांगितलं ते सगळेच करतात. जिथे माणसं दाटीने राहतात, तिथे संशोधक जातो. ज्या गावात आपली तीन घरं आहेत, तिथे कोण जाणार?

सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांच्या सामाजिक, शैक्षणिक, आर्थिक स्थितीचा अभ्यास मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे म्हणजे टिसकडे दिला. मुस्लिम वस्ती जास्त असलेली ५६ शहरं त्यासाठी ठरली. बातमी वाचून मला आनंदच झाला होता. मग ‘शहरं’ हा शब्द खटकला. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या खेड्यात राहून आठवडी बाजारात बांगड्या विकणारं कुटुंब या यादीत येईल कुठून?

असे अभ्यास बिनकामाचे असतात, असं मी मुळीच म्हणत नाही. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आणि २०१३ चा महमूदुर रहमान समितीचा अहवाल नसता, तर आपल्याकडे फक्त तक्रारी राहिल्या असत्या. दुसऱ्या अहवालात राज्यातल्या मुस्लिमांत पदवीधर जेमतेम २.२ टक्के असल्याची नोंद आहे. २०१४ मध्ये ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला तो याच आकड्यांच्या जोरावर. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातलं राहू दिलं. नंतर अध्यादेशाची मुदत संपली आणि तेही गेलं. पण कोर्टात आपली बाजू निदान मांडता आली, ती कागद हातात होते म्हणून.

आणि कागदावर नसलो तर काय होतं, तेही पाहिलंय. केंद्राने अल्पसंख्याकबहुल म्हणून देशातले ९० जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून परभणी, हिंगोली, वाशिम आणि बुलढाणा आले. निकष लोकसंख्येतल्या टक्क्याचा. त्या चार जिल्ह्यांना मिळालं, चांगलंच झालं. पण विखुरलेला गरीब हा दाटीतल्या गरिबापेक्षा कमी गरीब असतो का? माझ्या मते उलटं आहे. मोमीनपुऱ्यात फॉर्म भरून देणारा कोणीतरी भेटतो. आमच्याकडच्या खेड्यात शिष्यवृत्ती आली कधी आणि पहिली ते आठवीची बंद झाली कधी (२०२२ मध्ये झाली), हे घरच्यांना दोन्ही वेळा उशिराच कळलं.

शेवटी मी मोमीनपुराच घेतला. मार्क हवे होते. पण सुट्टीत तीच प्रश्नावली घेऊन आमच्या मोहल्ल्यात फिरलो आणि खरं शिक्षण तिथे झालं. शेजारच्या खालाजानना विचारलं, "शिक्षण?" म्हणाल्या, "कुरआन पढ़ लेती हूँ बेटा." माझ्या फॉर्मवर त्याला रकाना नव्हता. जनगणनेच्या व्याख्येत साक्षर म्हणजे कुठल्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारी व्यक्ती. त्या हिशेबाने खालाजान निरक्षर. पुढचा प्रश्न व्यवसायाचा. "कुछ नहीं, घर पे रहती हूँ," असं म्हणताना त्यांचा पाय शिलाई मशीनवर चालूच होता. मी ‘गृहिणी’ लिहायला पेन टेकवला आणि थांबलो. राइस मिलमध्ये पोती वाहणाऱ्या भाईंपुढे मी ‘मजूर’ लिहिलं होतं. धानाचा हंगाम सरल्यावर ते काय करतात, हे विचारायला प्रश्नच नव्हता. मुंबईत बसून बनवलेल्या फॉर्मला हे कसं कळावं? ते आपल्यालाच सांगावं लागेल.

म्हणून राज्यशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन शिकणाऱ्या भावा-बहिणींना माझं म्हणणं आहे की प्रोजेक्टसाठी आपला तालुका घ्या. तिरोडा घ्या, आमगाव घ्या. सर नाही म्हणाले तर पुन्हा विचारा, मी विचारलं नाही. मुलींनी तर नक्कीच घ्या. खालाजान माझ्याशी चार वाक्यं बोलल्या, माझी बहीण सोबत आली तेव्हा तासभर बोलल्या. आपला समाज सर्व्हेवाल्याला घाबरतो, दार उघडत नाही, हीही आपलीच अडचण आहे. ओळखीचं पोर दारात असेल तर चहा मिळतो.

आता तर सगळ्यात मोठी मोजणी दारात आहे. जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे आणि या वेळी जातही विचारली जाणार आहे. इस्लाममध्ये जात नाही, हे खुत्ब्यात ऐकतच मोठे झालो. ते खरंच आहे. पण राज्याच्या ओबीसी यादीत मोमीन, पिंजारी, अत्तार, तांबोळी आहेत आणि त्याच यादीमुळे आमच्या गल्लीतल्या एका मुलीला इंजिनीअरिंगची सीट मिळाली.

गेल्या जुम्म्याला नमाजनंतर एका चाचांनी मला थांबवलं. दाखल्यावर त्यांच्या आजोबांची जात एक, वडिलांची दुसरी, त्यांची स्वतःची फक्त ‘मुसलमान’. "तू पढ़ा-लिखा है," ते म्हणाले, "बता, क्या लिखवाऊँ?" तिन्ही दाखले घेऊन ते रविवारी घरी येणार आहेत.