अध्यक्षांना काढायचं कसं?



परवा इथे मनखूलमध्ये चहावर विषय निघाला, विधानसभा अध्यक्षाला काढता येतं का हो? येतं की! घटनेचं कलम १७९: १४ दिवसांची नोटीस आणि तेव्हाच्या एकूण सदस्यांचं बहुमत, नुसतं हजर असलेल्यांचं नव्हे. परिषदेलाही तोच नियम. मार्च २०१५ मध्ये सभापती शिवाजीराव देशमुख असेच गेले. ठराव राष्ट्रवादीचा, पाठिंबा भाजपचा. असो.

माझी तक्रार वेगळी आहे. २०१६ च्या नबाम रेबिया निकालानुसार अशी नोटीस प्रलंबित असताना अध्यक्षाने अपात्रतेचा निर्णय द्यायचा नाही. म्हणजे पक्ष सोडण्याआधी नोटीस टाकली की रेफरीची शिट्टीच गेली! जून २०२२ मध्ये उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांना नोटीस ईमेलने गेली. पत्ता खात्रीचा नाही म्हणून त्यांनी ती नाकारली. (यावर आपण आयटीवाले महिनाभर भांडू.) पण स्वतःविरुद्धची नोटीस स्वतःच फेटाळायची, हे काही पटत नाही. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने रेबियाचा मुद्दा ७ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

माझ्या मते नोटीस सचिवालयाने तपासावी, आणि १५व्या दिवशी मतदान झालंच पाहिजे. अधिवेशन नसेल तर बोलवा. पटतंय का?