विश्लेषण : पोलिओ गेला, मग जुन्या रुग्णांचे दुखणे पुन्हा का उद्भवते?

नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातील अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. मात्र त्याआधी पोलिओ झालेली अनेक मुले आज चाळिशी-साठीत आहेत आणि त्यांच्यापैकी काहींचा पाय पुन्हा साथ सोडू लागला आहे.

हा आजार काय आहे?

याला ‘पोस्ट-पोलिओ सिंड्रोम’ म्हणतात. मूळ आजारानंतर साधारण १५ ते ४० वर्षांनी स्नायूंची ताकद हळूहळू घटते. प्रचंड थकवा येतो, सांधे दुखतात. काहींना गिळताना किंवा झोपेत श्वास घेताना त्रास होतो. पूर्वी धडधाकट वाटणाऱ्या पायातही अशक्तपणा येऊ शकतो. हा आजार संसर्गजन्य नाही.

इतक्या वर्षांनंतर का?

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मारतो. वाचलेल्या पेशींना नवे फाटे फुटतात आणि त्या पोरक्या स्नायूतंतूंचाही भार उचलतात. त्यामुळेच ही मुले पुन्हा चालू लागली. मात्र अनेक वर्षे जादा काम केल्याने या पेशी थकतात आणि त्यांचे फाटे गळू लागतात, असे सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे.

निदान आणि उपचार कसे?

निदानासाठी एकच अशी खात्रीची चाचणी नाही; इतर आजार नाहीत ना, हे तपासावे लागते. त्यामुळे ‘वयाचे दुखणे’ म्हणून रुग्णाची बोळवण होते. आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. न दमवणारा व्यायाम, कामात अधूनमधून विश्रांती, योग्य कॅलिपर वा चाकाची खुर्ची यांवर भिस्त ठेवावी लागते. जिद्दीने कुबड्या सोडलेल्या माणसाला त्या पुन्हा हाती घेणे हार वाटते. प्रत्यक्षात जास्त जोर लावल्याने उरलेली ताकदही घटू शकते.

काय करायला हवे?

लहानपणी पोलिओ झाला होता का, हा प्रश्न डॉक्टरांनी आवर्जून विचारायला हवा. भूल देण्यापूर्वी तर तो विचारायलाच हवा. अपंगत्वाची टक्केवारी एकदा ठरली की कायमची, असे न मानता नव्या अशक्तपणानंतर फेरतपासणी सुलभ व्हावी. विषाणूला हद्दपार करणे हे मोठेच यश. पण त्याने गाठलेल्यांची जबाबदारी त्या प्रमाणपत्राने संपत नाही.