कप्तानानं कळवायचं कुणाला?

प्रति,
मा. नार्कोटिक्स आयुक्त,
केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो, मोरार, ग्वाल्हेर.

महोदय,

ग्वाल्हेरात समुद्र कुठला, असं विचारू नका. शिंद्यांच्या मुलखातली मंदसौर-नीमचची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबईहून जहाजांत भरून चीनला जात होती, तेव्हाही इथे समुद्र नव्हताच.

मी लष्कर भागात राहतो. उमेदीची वर्षं जहाजावर गेली. जहाजाच्या कप्तानाबद्दलचे माझे अर्ज एका खात्यातून दुसऱ्यात जातात आणि ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ एवढा शेरा घेऊन परत येतात. अमली पदार्थांचा कायदा अर्थ मंत्रालयाकडे, धाडी घालणारा विभाग गृह मंत्रालयाकडे आणि कप्तान जहाजवाहतूक मंत्रालयाकडे. म्हणजे तो कुणाचाच नाही. म्हणून हे पत्र उघडपणे, माझ्याच शहरात बसणाऱ्या तुम्हाला.

२९ जुलै २०१७ रोजी तटरक्षक दलाच्या ‘समुद्र पावक’ने ‘हेन्री’ हे जहाज अडवून पोरबंदरला आणलं. आत सुमारे १,५०० किलो हेरॉइन, किंमत ३,५०० कोटी. कप्तानासह आठ जण गजाआड गेले. त्यांची वकिली मी करत नाही. मी विचारतोय त्या कप्तानाबद्दल, ज्याच्या जहाजावर त्याला न विचारता असा माल चढतो.

भर समुद्रात त्याला कंटेनरचं तुटलेलं सील दिसतं. दोन खलाशी त्याला पाहून बोलणं थांबवतात. त्या रात्रीपासून त्याची झोप उडते. चीफ ऑफिसरवर विश्वास ठेवावा, की तोच सामील असेल? लॉगबुकात लिहावं, तर तेच लिखाण उद्या आपल्याविरुद्ध वाचलं जाईल. न लिहावं, तर लपवल्याचा आरोप. पाकिटं समुद्रात फेकावीत, तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या कर्दे-लाडघरला चरसची पाकिटं लागली, तशी ती कुठेतरी किनाऱ्याला लागणारच. कंपनीला कळवावं, तर आधी विचारणा होते ती जहाज किती दिवस अडकेल याची. भला खमका माणूस चार दिवसांत जेवणाच्या टेबलावर यायचा बंद होतो, सगळ्यांवर खेकसू लागतो. मग तपास अधिकारी म्हणतात, ‘याचं वागणं संशयास्पद होतं.’ वा! संशय आल्यावर माणूस आणखी कसा वागतो?

आता तुमच्या खात्याचा कायदा बघू. एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम २५ म्हणतं, ‘जाणूनबुजून’ वापर करू दिला तरच वाहनाचा ताबेदार दोषी. फार न्याय्य. पण कलम ३५ लगेच गृहीत धरतं की त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं हे त्यानंच सिद्ध करायचं आणि तेही वाजवी संशयापलीकडे. हेरॉइन २५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण. मग कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ बंद. आरोपपत्राला १८० दिवस, ते वर्षापर्यंत वाढवता येतात. शिक्षा १० ते २० वर्षं, दंड १ ते २ लाख. न्यायालयं आधी ताबा सिद्ध करायला लावतात, हे मान्य. पण अख्खं जहाज ज्याच्या ताब्यात, त्याचा ताबा सिद्ध करायला कितीसा वेळ लागतो? कंटेनरच्या मालपावतीवर मात्र स्पष्ट छापलेलं असतं की माल मोजून, भरून, सील माल पाठवणाऱ्यानं केलंय. कप्तानानं सहसा बंद कंटेनर उघडायचाच नसतो! सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्र्याला टाल्कच्या नावाखाली २,९८८ किलो हेरॉइन आलं, ते अशाच दोन बंद कंटेनरांतून.

आणि प्रामाणिकपणाचं बक्षीस? २०१९ मध्ये कोलंबियाहून मेक्सिकोला गेलेल्या ‘यूबीसी सवाना’च्या मालात कोकेन निघालं. पोलंडच्या कप्तानानं स्वतः कळवलं. तोच दीड वर्षाहून जास्त काळ तुरुंगात राहिला.

तुमच्याच खात्यात याहून शहाणी पद्धत आहे, महाशय. मंदसौरच्या शेतकऱ्याच्या अफूची रोजची नोंद लंबरदाराच्या, म्हणजे गावातल्या नेमलेल्या मुखियाच्या, वहीत होते. गारपिटीनं पीक गेलं तर तो अर्ज करतो, तुमचा माणूस येतो, त्याच्यासमोर पीक उखडलं जातं. अर्ज केला म्हणून त्याला हातकड्या पडत नाहीत. शेतकऱ्याला कळवायची वाट आहे, कप्तानाला नाही. कलम ६४ मध्ये माफी आहे, पण ती गुन्ह्यात गुंतलेल्यानं साक्ष द्यावी म्हणून. निर्दोष माणसानं माफी कशाची मागायची?

मागणी एकच. पहिल्या संशयालाच जो कप्तान लेखी कळवतो, जागा सील करतो, लॉगबुक आणि कॅमेऱ्याचं चित्रण स्वाधीन करतो, त्याला कलम ३५ चं गृहीतक लागू नये. मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या कायदा समितीनं अटकेतल्या जहाजींना न्याय्य वागणूक देण्याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. ती आपल्या कायद्यात उतरवायचा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे तुम्ही पाठवा. कायदा करणं तुमच्या हातात नाही, ठाऊक आहे. फाइल सुरू करणं नक्कीच आहे.

एखादा तरुण कप्तान मला विचारतो, ‘पुडा दिसला तर काय करू?’ ‘कळव’ असं त्याला छातीठोकपणे सांगायची आज माझी हिंमत नाही. ती हिंमत कायद्यानं द्यायला हवी, आणि तो कायदा तुमच्या खात्याचा आहे.

एक निवृत्त जहाजी अधिकारी,
लष्कर, ग्वाल्हेर