पार्सल राज्याबाहेर पाठवण्याआधी

मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात बसूनही आता दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकता येतो. घरच्या शेवया, काजूगर, मसाला, लोणचं यांची ऑर्डर मोबाईलवर येते, पैसे खात्यात जमा होतात आणि पार्सल निघतं. अनेक घरांतल्या माता-भगिनींनी असा धंदा उभा केला आहे. पण पणजी किंवा बेळगावची ऑर्डर घेण्याआधी जीएसटीचा हिशेब समजून घ्यायला हवा.

“४० लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही,” असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ही मर्यादा महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्यासाठी आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकला, तर उलाढाल कितीही छोटी असली तरी पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. बेळगाव आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे, तिथे आपली भाषाही चालते. पण कायद्याच्या हिशेबात ते परराज्यच.

म्हणून दोनच गोष्टी आधी पाहाव्यात: माल कोणता आणि जातो कुठे. ताजा हापूस, ताजी मासळी आणि पापड यांवर जीएसटी नाही. फक्त असाच माल विकणाऱ्याला, तो गोव्याला पाठवला तरी, नोंदणीची सक्ती नाही. शेवया, काजूगर, मसाला यांवर ५ टक्के कर आहे. लोणचं आणि मुरंबा १२ टक्क्यांत होते; २२ सप्टेंबर २०२५ पासून तेही ५ टक्क्यांत आले. म्हणजे आंब्याच्या पेट्यांबरोबर लोणच्याची एक बाटली गोव्याला विकली, की नियम बदलला.

मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून एक सवलत आहे. उलाढाल मर्यादेत असेल आणि माल महाराष्ट्रातच जात असेल, तर पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन पूर्ण नोंदणीशिवाय विकता येतं. राज्याबाहेर विकायचं तर ही सवलत नाही, आणि कंपोझिशन योजनाही चालत नाही.

नोंदणीला सरकारी फी नाही. पॅन, आधार, फोटो, बँक खातं आणि जागेचा पुरावा लागतो. घर सासऱ्यांच्या नावावर असेल, तर त्यांचं संमतीपत्र जोडावं.

पुढचं गणित सोपं आहे. हजार रुपयांचे काजूगर कोल्हापूरला गेले, तर बिलावर केंद्राचे २५ आणि राज्याचे २५ रुपये. तेच बेळगावला गेले, तर आयजीएसटी ५० रुपये. गिऱ्हाइकाला बोजा तेवढाच. मात्र बिलावर त्याच्या राज्याचं नाव हवंच, कारण कर कोणत्या राज्याच्या वाट्याला जाणार ते त्यावरून ठरतं. अमेरिकेत २०१८ च्या ‘वेफेअर’ निकालानंतर ऑनलाइन विक्रेत्यांना राज्याराज्याचे वेगवेगळे नियम सांभाळावे लागतात. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या एकाच नोंदणीवर देशभर माल पाठवता येतो. फक्त परराज्यातल्या गोदामात माल ठेवला, तर त्या राज्यात वेगळी नोंदणी लागते.

ऑनलाइन बाजार चालवणारी कंपनी आपल्या करपात्र विक्रीतून अर्धा टक्का टीसीएस कापते. तो पैसा बुडत नाही. पोर्टलवर आपल्या खात्यात दिसतो आणि कर भरताना वापरता येतो, म्हणून दर महिन्याला तपासावा. बाटल्या, खोके, कुरिअर यांची बिलं आपल्या जीएसटी क्रमांकावर घ्यावीत. त्यांवर भरलेला कर नियमांनुसार वजा होतो. एखाद्या मुदतीत विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावं लागतं. ते चुकलं तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागतं, आणि हंगामी धंद्यात नेमकं हेच विसरलं जातं.

नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेणं बेकायदा आहे. आणि नोंदणीनंतर घेतलेले ते ५० रुपये आपली कमाई नाहीत, ती आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. घरखर्चाच्या पैशांत ती मिसळली, की रिटर्नच्या तारखेला उसनवारी करावी लागते. म्हणून आमची सूचना एवढीच: धंद्याचं खातं वेगळं ठेवा आणि दर ऑर्डरमागे कराची रक्कम त्याच दिवशी बाजूला काढा. ईदच्या ऑर्डरींची घाई सुरू होण्याआधी, गावाजवळच्या कर सल्लागाराकडे आपल्या मालाची यादी घेऊन एकदा जा, आणि प्रत्येक वस्तूसमोर तिचा दर लिहून घ्या.