शिंदे घाटामागील घरांच्या दुरुस्तीचा पेच

वाराणसीत शिंदे घाटालगत रत्नेश्वर महादेवाचे कललेले मंदिर आहे. पर्यटक त्याचे छायाचित्र घेऊन पुढे जातात. घाटावरच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना मात्र ते रोजचे स्मरण आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला हा घाट स्वतःच्याच भाराने खचला होता. आज दिसतो तो नंतर पुन्हा उभारलेला.

गल्लीतील जुनी घरे पातळ लाखोरी विटा, चुना, सुरखी आणि लाकडी तुळया यांची आहेत. छत गळू लागले की पहिला प्रश्न परवानगीचा येतो. गंगाकाठापासून २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामास मनाई आहे. दुरुस्ती करता येते, पण विकास प्राधिकरणाच्या संमतीने. नदीकाठी हॉटेले वाढू नयेत, हा हेतू रास्तच आहे. मात्र कुजलेली तुळई बदलायची तर भिंतीचा माथा उतरवून पुन्हा रचावा लागतो. ही दुरुस्ती समजावी की नवे बांधकाम? घर सामाईक असेल तर दूरदूरच्या वारसांच्या सह्याही जमवाव्या लागतात. पावसाळा तोवर थांबत नाही.

परवानगी मिळाली तरी गल्लीत ट्रक शिरत नाही. वाळू-विटा माणसांच्या डोक्यावरून किंवा खेचरांच्या पाठीवरून न्याव्या लागतात आणि राडारोडाही त्याच वाटेने बाहेर काढावा लागतो. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता मोजकेच. परिणामी सिमेंटचा गिलावा आणि काँक्रीटचा स्लॅब हा सोपा मार्ग निवडला जातो. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती भिंतीतच कोंडते; स्लॅबचा भार जुन्या पायावर येतो तो वेगळाच. ज्या चुकीने घाट खचला, तीच आता घराघरांत होत आहे. कोकणातील मातीच्या नि जांभ्याच्या घरांचे मालकही हेच सांगतील. तेथे गल्ली नाही, पण कारागीरही नाही.

काशी विश्वनाथ धाम प्रकल्पासाठी सुमारे ३०० मालमत्ता विकत घेण्यात आल्या. १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्यानंतर जुन्या घरावर खर्च करावा की ते विकून मोकळे व्हावे, असा विचार मालकाच्या मनात येणे अस्वाभाविक नाही. उत्तरेकडे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपुढेही हाच प्रश्न आहे.

चुना आणि लाकूड वापरून, उंची न वाढवता केलेल्या दुरुस्तीस केवळ पूर्वसूचना पुरेशी मानावी आणि सारी कडक तपासणी वाढीव मजल्यांसाठी राखून ठेवावी, एवढा भेद नियमांत करणे अवघड नसावे.