शहराची तोटी आणि कालव्याचे शेवट

खडकवासल्याचे पाणी ज्यांच्या दाराशी आहे, त्यांस ते आपलेच वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु ते पाणी ज्याच्या शेतात सर्वांच्या शेवटी पोहोचावयाचे, त्या इंदापूरच्या शेतकऱ्याचाही त्यावर हक्क आहे, ही गोष्ट पुणे शहर हळूहळू विसरू लागले आहे. नवा मुठा उजवा कालवा हवेली व दौंड ओलांडून सुमारे 200 किलोमीटरांवर इंदापूर तालुक्यात संपतो. बारामतीच्या जिरायत गावांस आधार देणारी जनाई-शिरसाई उपसा योजनाही याच प्रकल्पाच्या पाण्यावर अवलंबून आहे. अर्थात शहराने वरती तोटी अधिक उघडली, की खाली आवर्तन लांबलेच म्हणून समजावे.

आमचे बहुतेक वाचक हिशेबी आहेत. त्यांच्यापुढे हिशेबच मांडतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे 29 टीएमसी. त्यांपैकी महापालिकेने करारान्वये घ्यावयाचे ठरले 11.5 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. तेव्हा करारातील पाणी दररोज सुमारे 89 कोटी लिटर झाले. माणशी 135 लिटर हे सरकारमान्य प्रमाण धरले, तर एवढ्यात सुमारे 66 लाख माणसांची गरज भागावी. 2011 च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या 31 लाख 24 हजार होती. त्यानंतर वस्ती वाढली, 2017 व 2021 साली मिळून 34 गावे हद्दीत आली, हे आम्ही नाकारीत नाही. नळांतील गळतीही हिशेबात धरतो. तरी शहर कित्येक वर्षे कराराहून कितीतरी अधिक पाणी उचलीत आहे, याची संगती कशी लावावयाची? एखाद्या मुनिमाने असा जमाखर्च पुढे ठेवला, तर पेठेतला कोणता शेटजी त्यावर मुकाट्याने सही करील?

यावर एक उत्तर ठरलेले आहे : पिण्याच्या पाण्यास पहिला मान! हे तत्त्व आम्हांस शिरसावंद्य आहे. तहानलेल्या माणसाआड उसाचे वाफे यावेत, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु कायद्यातील अग्रक्रम हा गरजेस असतो, उधळपट्टीस नसतो. 1882 च्या सुविधाधिकाराच्या कायद्यातही नदीकाठच्या मालकास पाणी शेतीस वापरण्याचा अधिकार देताना तशाच इतर मालकांची भरीव हानी होऊ नये, अशी अट घातली आहे. वरच्याने खालच्याचा विचार करावा, हा न्याय शेतकऱ्यास लागू आहे. मग तो महानगरासच का लागू नसावा? मोटारी धुण्यास व फुटक्या नळांतून वाहण्यास जाणारे पाणी ‘पिण्याचे’ या नावाखाली खपविणे, ही शुद्ध शब्दांची फसवणूक होय.

इंदापूरचा दैवदुर्विलास एवढ्यावर संपत नाही. 1980 साली पुरे झालेल्या उजनी धरणासाठी या तालुक्याने आपली गावे व काळीभोर जमीन पाण्याखाली घातली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ अजून वर डोकावते. त्याच जलाशयात आज मुळा-मुठेवाटे व भीमेवाटे शहराचे सांडपाणी उतरते. कालव्याने जे स्वच्छ पाणी यावयाचे ते येत नाही, आणि नदीने जे मलिन यावयाचे ते चुकत नाही. 2021 साली तर या सांडपाण्याच्या नावाने उजनीतून इंदापुरास 5 टीएमसी देण्याचे ठरले, सोलापूरकर खवळून उठले व सरकारास तो निर्णय मागे घ्यावा लागला. शहराच्या उष्ट्या पाण्यासाठी दोन शेजाऱ्यांनी भांडावे आणि शहराने तटस्थपणे पाहावे, याहून लाजिरवाणी स्थिती ती कोणती?

मात्र दुसऱ्याचे दोष मोजताना आपलेही झाकू नयेत. 1885 साली सुरू झालेला नीरा डावा कालवा दुष्काळनिवारणासाठी काढला होता. त्यावर पुढे ऊस माजला. पाटाने मोकाट पाणी सोडून ऊस पिकविणाऱ्याने शहरास काटकसर शिकवू गेल्यास ती कोण ऐकणार? ठिबक सिंचन ही आता हौस राहिली नसून ते आपल्या दाव्याचे पहिले बळ आहे.

आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. शहरात घरोघर मीटर बसवावेत व गळती थांबवावी. 6.5 टीएमसी पाणी शुद्ध करून शेतीस परत देण्याची जी अट महापालिकेने पत्करली आहे, ती मुंढव्याच्या जॅकवेलवरून जुन्या कालव्यात पाणी सोडून पूर्ण पाळावी. हवेली-दौंडची गरज त्याने भागली, की धरणाचे पाणी इंदापुरापर्यंत वाहण्यास वाव राहील. कोणी किती उचलले, याचा आकडा दरमहा प्रसिद्ध व्हावा, आणि आवर्तन शेवटच्या चारीपासून सुरू व्हावे.

व्यापारी बंधूंनी हा प्रश्न शेतकऱ्याचा म्हणून दूर लोटू नये. शिवार सुकले की त्याच महिन्यात पेठेतील उधारीची वही जाड होते. पुणे शहर आमचे वैरी नव्हे. आमची मुले तेथेच शिकतात, आमचा माल तेथेच विकतो. पण थोरल्या भावाने ताट आपल्याकडे ओढून धाकट्यास धीर धरावयास सांगावे, याला कुटुंब म्हणत नाहीत. आम्ही दान मागत नाही. वाटणीपत्रात लिहिलेला वाटा मागतो.